शहराच्या कामावर पहिल्यांदा उतरताना : पीएलए, हॉल आणि स्थानिक तासांचा हिशेब

अमेरिकेतल्या एखाद्या शहराचं बांधकाम पहिल्यांदाच मिळालं, की छोट्या सबकॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा शब्द म्हणजे 'लोकल'. युनियनचा माणूस विचारतो, "तुमची माणसं कुठल्या लोकलची?" तो गाव विचारत नसतो, युनियनची शाखा विचारत असतो. शहराचा अधिकारी विचारतो, "या आठवड्यात लोकल किती?" त्याला शाखेशी देणंघेणं नसतं. शहराच्या हद्दीत राहणाऱ्या कामगारांनी किती तास काम केलं, एवढंच त्याला हवं असतं. मी कॅलिफोर्नियात एका इलेक्ट्रिकल सबकॉन्ट्रॅक्टरकडे हे कागद सांभाळते. पहिल्या कामावर तीन आठवडे मी दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर देत होते. "सगळेच लोकलचे आहेत," असं ठणकावून. होतेही सगळे लोकलचे. फक्त राहायला सगळे पलीकडच्या काउंटीत.

आपली बरीच मंडळी आता इथे छोट्या बांधकाम कंपन्यांत प्रोजेक्ट इंजिनियर, एस्टिमेटर किंवा पेरोल बघणारी म्हणून लागतात. काही जण स्वतःचं लायसन्स काढून सब म्हणून उतरतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं बरीचशी कॅलिफोर्नियातली आहेत, कारण रोजचं काम तिथलं. तुमच्या शहराचा करार वेगळा असेल, पण कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

पीएलए, म्हणजे प्रोजेक्ट लेबर अॅग्रीमेंट, हा युनियनशी झालेला करार. एका ठरावीक प्रकल्पासाठी, किंवा शहराच्या ठरावीक रकमेवरच्या सगळ्या प्रकल्पांसाठी, तो काम सुरू होण्याआधीच झालेला असतो. पगार, कामाच्या वेळा, माणसं कुठून घ्यायची, तंटा झाला तर कोण सोडवणार, हे सगळं त्यात असतं. बदल्यात युनियन लिहून देते की या साइटवर संप नाही, आणि कंत्राटदार लिहून देतात की टाळेबंदी नाही. मालकाला, म्हणजे शहराला, खरा रस या वाक्यात असतो. शहरात दुसरीकडे त्या ट्रेडचा (इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा एकेका कारागिरीचा) मुख्य करार संपून संप सुरू झाला, तरी पीएलएवरचं काम चालू राहतं. ही पद्धत जुनी आहे. ग्रँड कूली धरणावर १९३८ मध्ये असा करार झाला होता.

लोकल हायर हा शहराचा नियम. एकूण कामाच्या तासांपैकी इतके टक्के तास शहरातल्या, किंवा ठरवून दिलेल्या गरीब वस्त्यांतल्या, रहिवाशांनी केलेले हवेत. हा नियम पीएलएशिवायही असू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोने डिसेंबर २०१० मध्ये केला तो असाच स्वतंत्र शहरी कायदा होता. सिअॅटलने २०१५ मध्ये 'प्रायॉरिटी हायर' आणलं तेव्हा मात्र दोन्ही एकत्र बांधले: ५० लाख डॉलर आणि त्यावरच्या शहराच्या कामांवर युनियनशी करार, आणि त्याच करारात आर्थिकदृष्ट्या खालावलेल्या झिप कोडमधल्या कामगारांना प्राधान्य.

नवखा माणूस दोन्हींना एकच समजतो आणि मग एकाची पूर्तता केली की दुसऱ्याचीही झाली असं धरून चालतो. युनियनचा पाठवलेला माणूस शहराबाहेरचा असू शकतो. शहरातला तुमचा जुना माणूस युनियनच्या हिशेबात 'हॉलमधून', म्हणजे युनियनच्या माणसं पाठवणाऱ्या कार्यालयातून, 'न आलेला' असू शकतो. पुढचा सगळा लेख खरं तर या एका अडचणीवर आहे.

शहराला हा हक्क कुठून आला?

कंपनीचे मालक पहिल्या मीटिंगनंतर हाच प्रश्न विचारतात, म्हणून थोडक्यात. बॉस्टनच्या महापौरांनी १९७९ मध्ये आदेश काढला की शहराच्या पैशाने होणाऱ्या बांधकामावर निम्मे कामगार शहरातले हवेत. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शहर इथे कायदा करणारं सरकार म्हणून नाही तर बाजारातलं एक गिऱ्हाईक म्हणून वागतंय, त्यामुळे राज्यघटनेतल्या आंतरराज्य व्यापाराच्या कलमाची अडचण नाही. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या ४० टक्क्यांच्या नियमावर त्याच न्यायालयाने दुसरी बाजू दाखवली. दुसऱ्या राज्यातल्या नागरिकांना रोजगार नाकारायचा असेल तर त्याला सबळ कारण लागेल. पीएलएबद्दलचा मोठा निकाल १९९३ चा, बॉस्टन बंदराच्या सफाईच्या प्रकल्पावरचा. सरकारी संस्था स्वतःच्या प्रकल्पाची मालक म्हणून असा करार बिडमध्येच, म्हणजे निविदेतच, घालू शकते, असं न्यायालयाने एकमताने मान्य केलं.

म्हणजे शहराला वाट आहे, पण राज्य सरकार ती बंद करू शकतं. क्लीव्हलँडमध्ये २००३ पासून १ लाख डॉलर आणि वरच्या कामांवर २० टक्के तास रहिवाशांचे हवेत असा कायदा होता. ओहायो राज्याने २०१६ मध्ये असे नियमच बेकायदा ठरवले आणि २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी राज्याची बाजू उचलून धरली. पीएलए सक्तीचा करायला मनाई करणारीही बरीच राज्यं आहेत. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या मित्राकडून ऐकलेला नियम आपल्या बिडला लावू नका. आणि कामात केंद्राचा पैसा असेल, तर शहराचा नेहमीचा नियम जसाच्या तसा लागेल असं धरू नका. लॉस एंजेलिस मेट्रोने जानेवारी २०१२ मध्ये धोरण आणलं ते म्हणूनच 'आमच्या शहरातले' असं न म्हणता देशभरातल्या आर्थिकदृष्ट्या मागास भागांतले कामगार, ४० टक्के तास, असं लिहिलं.

बिड भरण्याआधी

शहराच्या बिडचं बाड उघडलं की आपले लोक थेट ड्रॉइंग आणि तांत्रिक भागाकडे जातात. तुम्ही पुढचा कंटाळवाणा भाग वाचा. 'स्पेशल प्रोव्हिजन्स' किंवा 'लेबर कंप्लायन्स' अशा नावाखाली पीएलएची पूर्ण प्रत असते, नाहीतर ती कुठे मिळेल ते लिहिलेलं असतं. अॅडेंडम, म्हणजे बिडमधल्या नंतरच्या दुरुस्त्या, आले असतील तर तेही बघा. टक्केवारी अॅडेंडममध्ये बदलल्याचं मी पाहिलं आहे.

वाचताना पाच-सहा जागांवर पेन्सिलची खूण करा. करार किती रकमेवरच्या कामाला लागू आहे. सगळ्या पातळ्यांवरच्या सबना लागू आहे का (जवळजवळ नेहमीच असतो, ट्रकने माल आणून टाकणाऱ्यांबद्दल मात्र वेगवेगळी कलमं असतात). कोअर वर्कर, म्हणजे तुमचे स्वतःचे लोक, किती चालतील. फ्रिंजचे, म्हणजे वेतनावरच्या विमा-पेन्शनसारख्या लाभांचे, पैसे कुठे भरायचे. रहिवासी म्हणजे कोण. आणि टक्केवारी कमी पडली तर काय.

बिगर-युनियन कंपनी बिड भरू शकते का, हा प्रश्न दर वेळी येतो. कॅलिफोर्नियात सरळ कायदाच आहे. सरकारी संस्थेने पीएलए केला तर त्यात सर्व पात्र कंत्राटदारांना, युनियनशी करार असो वा नसो, बिड भरू द्यायला हवं. भेदभावाला मनाई, अमली पदार्थांच्या चाचणीची पद्धत, संप-टाळेबंदी नाही याची हमी आणि त्रयस्थ लवादाकडून तंटा सोडवणं, हेही त्यात हवंच. तेव्हा दार उघडं आहे. आत गेल्यावर घराचे नियम पाळायचे.

किमतीत चूक होते ती फ्रिंजमध्ये. समजा एका ट्रेडचं मूळ वेतन तासाला ५० डॉलर आणि फ्रिंज ३० डॉलर. (आकडे समजायला घेतले आहेत; खरे दर सरकारच्या तक्त्यात बघा.) पीएलए नसलेल्या प्रिव्हेलिंग वेजच्या (सरकारने ठरवलेल्या किमान दराच्या) कामावर तुम्ही ते ३० डॉलर रोख देऊ शकता, किंवा तुमच्या स्वतःच्या आरोग्य विम्याचा खर्च त्यातून वजा करू शकता. पीएलएवर बहुतेक वेळा ते ३० डॉलर युनियनच्या ट्रस्ट फंडात जातात: आरोग्य, पेन्शन, प्रशिक्षण. तुमच्या जुन्या माणसाचा विमा तुम्ही आधीच भरत असाल तर तो चालू ठेवायचा की नाही हा तुमचा प्रश्न, आणि ठेवलात तर खर्च दुप्पट. वर तो माणूस पेन्शनसाठी लागणारी वर्षं पूर्ण न करता परत गेला, तर त्याच्या नावाने भरलेल्या पेन्शनचा त्याला काही उपयोग होत नाही. बिगर-युनियन कंपन्यांची पीएलएबद्दल जी तक्रार असते त्यातली ही मला सगळ्यात खरी वाटते. बाकीचं बरंचसं राजकारण. पण तक्रार खरी असली तरी बिड भरताना ती आकड्यात धरायची असते, काम मिळाल्यावर बोलून दाखवायची नसते.

काम मिळालं : लेटर ऑफ असेंट आणि प्री-जॉब

लेटर ऑफ असेंट हे एका पानाचं पत्र. 'आम्ही या प्रकल्पापुरता हा करार मान्य करतो' एवढंच. यातला 'या प्रकल्पापुरता' हा शब्द तुमच्या कंपनीच्या मालकाला दाखवा. बऱ्याच जणांना वाटतं की सही केली म्हणजे कंपनी कायमची युनियनची झाली. या पत्राने तसं होत नाही. मात्र काही ट्रेडचे ट्रस्ट फंड वेगळी कागदपत्रं पाठवतात. त्यातलं प्रत्येक पान प्रकल्पापुरतं आहे का हे वाचल्याशिवाय त्यावर सही करू नका. तुमच्या खाली आणखी सब असेल तर त्याचंही पत्र हवं. त्याने सही केली नाही म्हणून दंड होतो तो तुम्हाला.

मग प्री-जॉब मीटिंग. टेबलाभोवती मुख्य कंत्राटदार, सगळे सब आणि प्रत्येक ट्रेडचा बिझनेस एजंट. त्याला सगळे 'बीए' म्हणतात. डिग्रीशी संबंध नाही. इथे प्रत्येकाने सांगायचं असतं की आपल्या कामातलं कुठलं काम कोणत्या ट्रेडला देणार. अगदी बारीक गोष्टी निघतात. खंदक कोण खणणार, कंड्युइटचे (वायरींच्या नळ्यांचे) बंडल ट्रकवरून कोण उतरवणार, उतरवल्यावर जिथे बसवायचे तिथवर कोण नेणार. बाहेरून हे हास्यास्पद वाटतं. पण ही यादी तुम्ही नीट भरली नाही, तर ते बंडल उतरवताना दोन लोकलचे लोक समोरासमोर उभे राहतात. अशा वादासाठी करारात वेगळी लवादाची वाट दिलेली असते, आणि तोवर काम थांबवायचं नाही असंही लिहिलेलं असतं. मीटिंगला जाताना फोरमनला बरोबर न्या. ऑफिसातल्या माणसाला बंडल कोण उतरवतो हे सहसा माहीत नसतं.

बीएचा मोबाइल नंबर घ्या. यंत्रणेत हे कुठे लिहिलेलं नाही, पण निम्मी कामं या नंबरवर होतात.

माणसं कशी घ्यायची

आता मुख्य भाग. हॉल म्हणजे हायरिंग हॉल, युनियनचं कार्यालय. तिथे काम नसलेल्या सभासदांची यादी असते आणि वरच्या क्रमांकावरचा माणूस आधी निघतो. तुम्ही मागणी पाठवायची, हॉल माणूस पाठवतो. तो येताना डिस्पॅच स्लिप घेऊन येतो. त्या चिठ्ठीवर त्याचं नाव, ट्रेड, जर्नीमन (शिकून झालेला कारागीर) की अप्रेंटिस (शिकाऊ), हजर व्हायची तारीख असते. ती फाइलला लावा. पुढे कधीही 'हा माणूस कुठून आला' हा प्रश्न निघाला तर उत्तर ही चिठ्ठी.

तुमचे स्वतःचे लोक म्हणजे कोअर वर्कर. बऱ्याच करारांत क्रम असा असतो: पहिला हॉलचा, दुसरा तुमचा, तिसरा हॉलचा, चौथा तुमचा, असं करत तुमचे पाच होईपर्यंत. त्यापुढचे सगळे हॉलचे. काही करारांत पहिला तुमचा चालतो. कोअर म्हणवून घ्यायलाही अट असते. लायसन्स लागत असेल तर ते, आणि गेल्या शंभर कामाच्या दिवसांपैकी साठ दिवस तुमच्या पेरोलवर, अशा धर्तीची. काल घेतलेला भाचा कोअरमध्ये बसत नाही.

आमच्याकडे पहिल्या कामावर काय झालं ते सांगते. सोमवारी सात वाजता सुरुवात. हॉलच्या माणसाला मंगळवारी बोलावलं होतं, म्हणून फोरमनने सोमवारी आपले दोघे नेले: "नुसती मापं घ्यायचीत, एक दिवसाने काय बिघडतंय?" सव्वासातला बीए साइटच्या गेटवर. तो आरडाओरडा करत नाही, हे लक्षात ठेवा. त्याने फक्त दोघांची नावं विचारली, वहीत लिहिली आणि मला फोन केला. "तुमचा पहिला हॉलचा कुठे आहे?" त्या एका दिवसाचं प्रकरण तक्रार म्हणून नोंदलं गेलं, आणि हॉलमधून जो माणूस सोमवारी आला असता त्याचे आठ तासांचे पैसे, फ्रिंजसकट, आम्ही भरले. मापं घेणाऱ्या आमच्या दोघांचेही भरलेच होते. माणसांची संख्या बरोबर होती, क्रम चुकला होता.

मागणी पाठवताना आणखी एक गोष्ट. जिथे करारात लोकल हायर आहे तिथे तुम्ही मागणीच्या फॉर्मवर 'अमुक शहराचा रहिवासी' किंवा झिप कोड लिहून मागू शकता, आणि हॉलने यादीतला क्रम बाजूला ठेवून असा माणूस आधी पाठवायचा असतो. पण मागितलं तरच. रिकाम्या रकान्याचा फॉर्म गेला की वरच्या क्रमांकाचा माणूस येतो, मग तो साठ मैलांवरून का येईना. मागणी फोनवर करू नका. फोन कराच, पण नंतर ईमेल किंवा पोर्टलवर टाका, वेळेसकट. कारण बहुतेक करारांत हॉलला ४८ तास दिलेले असतात, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. तेवढ्यात माणूस मिळाला नाही तर तुम्ही बाहेरून घेऊ शकता. हे ४८ तास कधी सुरू झाले याचा पुरावा फक्त तुमच्याकडे असतो.

अप्रेंटिस

अप्रेंटिस म्हणजे नोंदणीकृत प्रशिक्षणार्थी. पगार जर्नीमनच्या ठरावीक टक्क्यांनी सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने वाढतो. कॅलिफोर्नियात ३० हजार डॉलर आणि वरच्या सरकारी कामावर जर्नीमनच्या दर पाच तासांमागे अप्रेंटिसचा एक तास हवा. त्यासाठी दोन कागद आहेत आणि दोन्हींची वेळ वेगळी आहे. डीएएस १४० हा 'आम्हाला काम मिळालंय' असं कळवणारा. करार झाल्यापासून १० दिवसांत, आणि काहीही झालं तरी कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत. डीएएस १४२ ही प्रत्यक्ष मागणी. माणूस हवा त्याच्या ७२ तास आधी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. नवखे लोक १४० पाठवतात आणि अप्रेंटिसची वाट बघत बसतात. १४० ने कोणी येत नाही. चुकलं तर दिवसाला १०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा पुन्हा चुकलं तर त्याहून जास्त.

अप्रेंटिस आला की त्याच्या नोंदणीचा पुरावा त्याच दिवशी घ्या. नोंदणी सापडली नाही तर कायद्याच्या नजरेत तो अप्रेंटिस नाही आणि त्याला पूर्ण जर्नीमनचा दर द्यावा लागतो, मग काम त्याने शिकाऊचं केलेलं असो.

तासांचा हिशेब

इथे जरा थांबा, कागद घ्या. टक्केवारी माणसांची नसते, तासांची असते. आणि अनेक शहरांत पूर्ण प्रकल्पाची नसते, प्रत्येक ट्रेडची वेगळी असते. सॅन फ्रान्सिस्कोचा नियम घेऊ: प्रत्येक ट्रेडमध्ये ३० टक्के तास रहिवाशांचे, आणि अप्रेंटिसच्या तासांपैकी निम्मे रहिवाशांचे.

समजा तुमचं काम वीस आठवड्यांचं आहे आणि सरासरी तीन माणसं. म्हणजे २,४०० तास. पाचास एक या प्रमाणात त्यातले २,००० जर्नीमनचे, ४०० अप्रेंटिसचे. ३० टक्के म्हणजे ७२० स्थानिक तास. अप्रेंटिसचे निम्मे, २००, स्थानिक हवेतच. ते या ७२० मध्येच मोजले जातात. उरले ५२०. आठवड्याला चाळीस तासांनी ५२० म्हणजे तेरा आठवडे. म्हणजे शहरात राहणारा एकच जर्नीमन पहिल्या आठवड्यापासून ठेवला, तर चौदाव्या आठवड्याला तुम्ही मोकळे. अप्रेंटिस पूर्ण ४०० तास स्थानिकच घेतला, तर जर्नीमनचे ३२० उरतात, आठच आठवडे.

आता तेच उलटं बघा. दहा आठवडे गेले आणि स्थानिक तास शून्य. उरलेले तास १,२००, हवेत ७२०. म्हणजे आता तुम्हाला तीसऐवजी साठ टक्के गाठायचे आहेत, तेही आधीच काम शिकलेल्या तीन माणसांपैकी दोघांना घरी पाठवून. पंधराव्या आठवड्याला उरलेले सगळे तास ६०० असतात. तिथे प्रश्नच मिटतो. सॅन फ्रान्सिस्कोत कमी पडलेल्या प्रत्येक तासामागे त्या ट्रेडच्या प्रिव्हेलिंग वेजइतकी रक्कम वसूल करायची तरतूद आहे. म्हणजे न ठेवलेल्या माणसाचा पगारही तुम्हीच भरता.

म्हणून मी कामाच्या आधी आठवड्यागणिक तक्ता करते: ट्रेड, माणूस, जर्नीमन की अप्रेंटिस, कुठल्या झिपमधला, किती तास. शहरही सुरुवातीला असा अंदाज मागतंच. पण शहराला देण्यासाठी केलेला तक्ता आणि स्वतः बघण्यासाठी केलेला तक्ता यात फरक असतो. पहिल्यात सगळे छान बसवतात. दुसऱ्यात मी फोरमनला विचारून लिहिते की कुठल्या आठवड्यात पावसाने काम थांबेल, कोण सुट्टीवर जाणार, कुठल्या कामाला विशिष्ट सर्टिफिकेटवालाच लागेल आणि तो शहरात मिळणारच नाही. अशी अडचण खरी असेल तर ती आधी लिहून कळवा. काही शहरांत खास कौशल्याच्या ट्रेडना सूट असते, काही ठिकाणी एका कामावरचे जास्तीचे तास दुसऱ्या कामावर वळते करता येतात. तूट पडल्यावर मागितलेल्या सवलतीला कोणी विचारत नाही.

रहिवासी कोण?

शहर बदललं की व्याख्या बदलते. सॅन फ्रान्सिस्कोत प्रकल्पावर काम सुरू करण्याआधी किमान सात दिवस शहरात वास्तव्य हवं. दुसरीकडे झिप कोडची यादी असते. आणखी कुठे प्रकल्पापासूनचं अंतर. डेट्रॉइटमध्ये शहराच्या पैशावरच्या मोठ्या कामांवर ५१ टक्के तास डेट्रॉइटच्या रहिवाशांचे लागतात, आणि शेजारच्या उपनगरातला माणूस डेट्रॉइटचा पत्ता सांगतो तेव्हा तो खोटं बोलतोच असं नाही. पोस्टाच्या पत्त्यात शहराचं नाव एक असतं आणि हद्द दुसरी. पत्ता नकाशावर तपासा. पोस्ट बॉक्स चालत नाही. लायसन्स, विजेचं बिल, भाडेकरार यांपैकी काय चालतं ते शहराच्या यादीत बघून पहिल्याच दिवशी घ्या. माणूस मध्येच घर बदलतो तेव्हा काय धरायचं, हे अधिकाऱ्याला ईमेलवर विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा.

गृहनिर्माणाच्या कामात केंद्राच्या गृह खात्याचा पैसा असेल तर सेक्शन ३ नावाचा आणखी एक हिशेब येतो. तो उत्पन्नावर चालतो: २५ टक्के तास कमी उत्पन्नाच्या पात्र कामगारांचे, त्यात ५ टक्के अधिक नेमक्या गटाचे. पत्ता आणि उत्पन्न, दोन्ही रकाने मग वेगळे ठेवा.

दर आठवड्याचा पेरोल

सर्टिफाइड पेरोल म्हणजे कोणी, कुठल्या ट्रेडमध्ये, किती तास, कुठल्या दराने काम केलं याचं शपथेवरचं पत्रक. केंद्राच्या पैशावरच्या कामाला डेव्हिस-बेकन कायदा लागतो. तो १९३१ चा, २ हजार डॉलरच्या वरच्या बांधकामापासून सुरू होतो आणि पत्रक दर आठवड्याला मागतो. शहरं आता हे ऑनलाइन भरून घेतात. काम नसलेल्या आठवड्यालाही 'काम नाही' असं पत्रक जातं. नाहीतर क्रमांक तुटतो आणि मुख्य कंत्राटदाराचं बिल अडकतं, म्हणजेच तुमचंही.

माझ्या अनुभवात नव्वद टक्के परत आलेली पत्रकं तीन कारणांनी येतात: ट्रेडचा कोड चुकला, झिप कोड जुना, किंवा फ्रिंज फंडात भरलं ते महिन्याने आणि पत्रकात दाखवलं आठवड्याचं, ते जुळत नाही. शुक्रवारी फोरमनच्या टाइमशीटशी ताडून बघायला वीस मिनिटं लागतात. फोरमनच्या अक्षरासाठी आणखी दहा धरा.

आणि तुम्हालाच कामगार म्हणून आत शिरायचं असेल तर

दार बहुधा अप्रेंटिसशिपचं असतं, आणि त्याच्याही आधी पूर्वतयारीचा वर्ग. बांधकाम युनियनांच्या राष्ट्रीय संघटनेचा एमसी३ नावाचा अभ्यासक्रम आहे, किमान १२० तासांचा. हत्यारांची ओळख, ड्रॉइंग वाचणं, गणित, सुरक्षितता. सॅन फ्रान्सिस्कोत २००६ पासून सिटीबिल्ड हा शहराचाच कार्यक्रम चालतो. सैन्यातून आलेल्यांसाठी 'हेल्मेट्स टू हार्डहॅट्स' वेगळं आहे आणि बऱ्याच पीएलएमध्ये त्याचा उल्लेख असतो. इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप पाच वर्षांच्या घरात जाते. घरी 'इंजिनियर होऊन वायर ओढणार का' असं ऐकावं लागेल. जर्नीमनच्या दराचा तक्ता दाखवा, आवाज कमी होतो.

काम संपताना

शेवटच्या आठवड्याच्या पत्रकावर 'फायनल' अशी खूण करायची असते. ती विसरली तर पोर्टल पुढच्या आठवड्याची वाट बघत राहतं आणि रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, सुटत नाही. ट्रस्ट फंडांकडून 'बाकी नाही' असं पत्र मागवा. त्याला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. पेरोलची कागदपत्रं केंद्राच्या कामावर किमान तीन वर्षं ठेवायची असतात. मी डिस्पॅच स्लिपा आणि मागणीचे ईमेलही त्याच फाइलमध्ये ठेवते.

आणि ज्या स्थानिक जर्नीमनने तुमचे तास भरून दिले त्याचं नाव, लोकल आणि झिप कोड टिपून ठेवा. काही हॉलच्या नियमांत तुमच्याकडे आधी काम केलेल्या माणसाला नाव घेऊन बोलावता येतं. आमचा असा एक आहे. पुढच्या बिडचा तक्ता करताना पहिल्या ओळीत मी त्याचंच नाव लिहिते, आणि मग त्याला फोन करून विचारते की घर बदललं नाहीस ना.